जुन्या फायबरच्या बोटीला रंग देताना: आधी पुसा, मग घासा

माझी पहिली बोट जेमतेम चौदा फुटांची होती आणि कितीतरी वर्षं उलटी पडून होती. घरी आणली त्याच दिवशी मी सँडर हातात घेतला. दोन दिवसांत सगळी बोट घासून काढली. पांढरी भुकटी नाकातोंडात गेली, पण बोट हाताला अशी मऊ लागायला लागली की आता रंगच काय तो बाकी, असं वाटलं. प्रायमरचा पहिला हात मारला आणि पाच मिनिटांत त्यात गोल गोल खळगे उमटायला लागले. काही टाचणीच्या डोक्याएवढे, काही शर्टाच्या बटणाएवढे. प्रायमर कडेला सरकायचा आणि मधे उघडा डाग राहायचा. त्यावर ब्रश फिरवला की खळगा मिटायचा, आणि पाठ फिरवली की पुन्हा उघडायचा. रंगकाम करणारे याला ‘फिश आय’ म्हणतात.

कारण साधं होतं. बोटीवर वर्षानुवर्षांचं मेण आणि पॉलिश बसलं होतं आणि मी ते न पुसता घासलं. सँडपेपरने मेण निघत नाही, ते ओरखड्यांच्या आत दाबलं जातं. दोन दिवसांची मेहनत घेऊन मी मेण बोटीत नीट मुरवलं होतं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. या कामात हात कच्चा असला तरी बोट बऱ्यापैकी निघते. क्रम चुकला की नाही निघत. म्हणून खाली जे लिहिलं आहे ते त्याच क्रमाने करा.

घासण्याआधी करायच्या गोष्टी

पहिलं काम म्हणजे पाण्याची रेषा टिपून ठेवणं. बोट पाण्यात किती बुडते याची खूण जुन्या रंगावर दिसते. ती एकदा घासली गेली की परत शोधताना घाम फुटतो. दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे, काठापासून रेषेपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा.

मग वर नेमकं काय आहे ते ओळखा. फायबरच्या बोटीचा मूळ पृष्ठभाग म्हणजे जेलकोट, रंगद्रव्य घातलेल्या पॉलिस्टर रेझिनचा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा थर. उन्हाने तो खडूसारखा होतो. हात फिरवला की हाताला पांढरं लागतं. नुसता जेलकोट खडूसारखा झाला असेल आणि पूर्वी कोणी रंग दिलेला नसेल, तर नशीब चांगलं. कारण मग खालचा थर कुठला, हा प्रश्नच उरत नाही.

पूर्वी रंग दिलेला असेल तर तो एका डब्याचा (तसाच लावायचा) आहे की दोन डब्यांचा (रंगात हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारा दुसरा भाग, मिसळून लावायचा), हे कळायलाच हवं. चिंधी तीव्र थिनरमध्ये भिजवून एखाद्या आडबाजूच्या जागी चिकटपट्टीने दहा मिनिटं लावून ठेवा. रंग मऊ पडला, सुरकुतला किंवा चिंधीला उतरला, तर तो एका डब्याचा. तसाच टणक राहिला तर बहुधा हार्डनर घालून लावलेला. हे एवढं का पाहायचं? दोन डब्यांच्या रंगावर एका डब्याचा रंग चालतो. उलटं चालत नाही. वरच्या रंगातलं द्रावण खालच्याला फुगवतं आणि सगळं सुरकुतून वर येतं. जुना एका डब्याचा रंग असेल आणि तुम्हाला दोन डब्यांचा लावायचा असेल, तर तो मुळापासून काढण्यावाचून इलाज नाही.

पाण्याखालच्या भागाचा जुना रंग हा वेगळा विषय. शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेल्या त्या रंगात तांब्याची संयुगं असतात. जुन्या थरांमध्ये ट्रायब्युटिल टिन असू शकतं. शिंपल्यांची वाढ आणि प्रजनन बिघडवणारं हे रसायन जहाजांच्या रंगात वापरू नये, असा करार आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली केला आणि तो 2008 मध्ये लागू झाला. तुमची बोट त्याआधीची असेल तर तळाचा रंग विषारीच समजा. तो कोरडा घासायचा नाही. पाण्याने ओला ठेवून खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, आणि खरवड गोळा करून घातक कचरा म्हणूनच द्या.

फायबरच्या बोटी घरोघरी पोचल्या त्या 1950 च्या दशकाच्या शेवटी. 1959 च्या न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये 28 फुटी पिअरसन ट्रायटन आली, तेव्हापासून या बोटी भराभर बनू आणि विकल्या जाऊ लागल्या. त्या काळातल्या बऱ्याच बोटींच्या भिंती आजच्यापेक्षा जाड निघतात. त्यामुळे अशी बोट बाहेरून भकास दिसली तरी लगेच हार मानू नका.

सामान उतरवा

क्लीट (दोर बांधायच्या खुंट्या), रेलिंग, दिवे, रबराच्या पट्ट्या, अक्षरं, सगळं काढा. ‘नुसती चिकटपट्टी लावून भागवू’ हा मोह प्रत्येकाला होतो. पण रंग सोलायला सुरुवात होते ती नेमकी त्या पट्टीच्या कडेपासूनच. काढण्याआधी फोटो घ्या आणि प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, वर नाव लिहून ठेवा.

डेकवरचे स्क्रू काढताना भोकाच्या आत नजर टाका. बऱ्याच डेकमध्ये फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड असतं. भोकातून काळपट ओला भुसा निघाला तर पाणी आत शिरलेलं आहे. तिथे रंगाचा विचार पुढे ढकला. आधी ते लाकूड वाळवा किंवा बदला. चांगल्या भोकांचंही एक काम करून टाका. ती थोडी मोठी करून इपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने) पूर्ण भरा आणि नंतर इपॉक्सीतूनच नवं भोक पाडा. पुढे कधी सील फुटला तरी पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही.

कोणी सिलिकॉन लावलेला दिसला तर तो प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडून त्याच्या खास द्रावणाने काढा. त्याचा एक अंश राहिला तरी तिथे रंग धरणार नाही.

आता पुसा

आधी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. मग मेण काढणारं द्रावण घ्या आणि दोन फडकी. एक फडकं भिजवून हातभर जागा पुसा आणि द्रावण उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर मेण विरघळतं, पसरतं आणि द्रावण उडालं की पुन्हा तिथेच बसतं. फडकं सारखं उलटवा आणि मळलं की टाका. कपडे धुताना सॉफ्टनर घातलेली फडकी नकोत, त्यातही मेणासारखंच काहीतरी असतं.

झालं की नाही हे पाण्याला विचारा. बोटीवर पाणी ओता. ते एकसंध पापुद्र्यासारखं पसरून उतरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब थेंब होऊन फाटलं तर पुन्हा पुसा. मी ही परीक्षा घासण्याआधी एकदा आणि घासल्यावर एकदा घेतो.

चिरा, भोकं, फोड

जेलकोटमधल्या बारीक चिरांवर नुसती लांबी (भरायची पुट्टी) फासली तर त्या पुढच्या हंगामात रंगातून डोकं वर काढतात. चीर टोकदार पटाशीने इंग्रजी व्हीच्या आकारात उघडा, भुकटी झटका आणि घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा. पण आधी चिरांची नक्षी पाहा. रेलिंगच्या खांबाभोवती किरणांसारख्या पसरल्या असतील तर तो खांब हलतो आहे आणि खाली आधार कमी आहे. एकमेकींना समांतर असतील तर तो भागच वाकतो आहे. आतून मजबुती दिल्याशिवाय वरून भरणं व्यर्थ आहे.

तळावर फोड दिसले तर एखादा फोडून पाहा, डोळ्यांवर चष्मा लावून. आतून व्हिनेगरसारखा वास येणारं आंबट पाणी उडालं तर पाणी जेलकोटमधून आत मुरलं आहे. सगळे फोड उघडा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा आणि बोट वाळू द्या. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. वाळली का ते पाहायला हातभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं तर अजून थांबा.

मोटारगाडीची लांबी इथे वापरू नका, निदान पाण्याखाली तरी नाहीच. ती ओल शोषते. इपॉक्सीची लांबी महाग पडते, पण दुसऱ्यांदा भरावी लागत नाही. इपॉक्सी वाळल्यावर तिच्यावर कधी कधी मेणचट, चिकट साय येते. ती थिनरने जात नाही, साध्या पाण्याने आणि खरखरीत पॅडने जाते. इथेही तोच नियम, आधी धुवा, मग घासा.

घासणं

जेलकोटवर 80 नंबरच्या कागदाने सुरुवात करून 120 वर थांबा. चकाकी कुठेही उरता कामा नये. उन्हात तिरपं पाहिलं की चकाकीचे उरलेले तुकडे लगेच दिसतात. बोटांनी कागद धरून घासू नका, बोटांच्या दाबाने सऱ्या पडतात. सपाट जागेसाठी लांब लवचिक फळीवर कागद लावा आणि तिरपं घासा, आधी एका दिशेने, मग तिला छेद देत. कडा आणि कोपरे शेवटी, हलक्या हाताने. तिथे जेलकोट आधीच पातळ असतो आणि क्षणात आतल्या काचतंतूंच्या कापडाची वीण दिसायला लागते. दिसलीच तर तिथे इपॉक्सीचा हात द्या.

मास्क बारीक धूळ अडवणाराच लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. काम संपल्यावर अंघोळ थंड पाण्याने. गरम पाण्याने काचेची कुसं जास्त टोचतात, असं जुने लोक सांगतात आणि माझाही अनुभव तोच आहे.

प्रायमर

दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्या. तो जेलकोटला, इपॉक्सीला आणि टणक जुन्या रंगालाही धरतो. वरचा रंग आणि प्रायमर एकाच कंपनीचे असले तर डोकेदुखी निम्मी होते. थिनरही तिचाच.

डबा उघडला की तळाशी दडस गाळ बसलेला असतो. चपट्या काठीने तो तळापासून वर येईपर्यंत ढवळा. मग दोन्ही भाग डब्यावर दिलेल्या प्रमाणात, खुणा असलेल्या भांड्यात मोजून मिसळा. ‘थोडा हार्डनर जास्त घालू, लवकर वाळेल’ हे इथे चालत नाही. जास्तीचा हार्डनर तसाच शिल्लक राहतो आणि थर मऊ राहतो. काही प्रायमरना मिसळल्यावर दहा-वीस मिनिटं तसंच ठेवावं लागतं. त्यानंतर तो ठरावीक वेळच वापरता येतो. भांड्यात जास्त प्रमाणात ठेवलेलं मिश्रण स्वतःच्या उष्णतेने तापतं आणि घट्ट होतं, म्हणून उथळ ट्रेमध्ये ओता आणि थोडं थोडंच मिसळा. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ ढोबळमानाने निम्मा होतो.

पहिला हात वाळला की जुन्या जेलकोटची खरी तब्येत दिसते. सुईने टोचल्यासारखी शेकडो छिद्रं. प्रायमर त्यांच्यावरून पूल बांधतो, आत उतरत नाही. दुसरा हात मारून ती बुजतील अशी आशा ठेवू नका. बारीक लांबी प्लॅस्टिकच्या पट्टीने दाबून भरा, घासा, मग पुढचा हात.

दोन हातांमधल्या वेळेचं कोष्टक डब्याच्या माहितीपत्रकात असतं. रंगकामातला मला सर्वांत उपयोगी पडलेला हा कागद आहे. किमान वेळेच्या आत पुढचा हात दिला तर द्रावण आत अडकतं. कमाल वेळेच्या आत दिला तर दोन थर रासायनिकरीत्या जुळतात. ती वेळ टळली तर घासूनच पुढे जायचं. मी डब्यावर पेनाने प्रत्येक हाताची तारीख आणि तास लिहितो. रात्री आठवत नाही.

आता माझी आवडती युक्ती. पहिला हात राखाडी द्या, दुसरा पांढरा. घासताना पांढऱ्यातून राखाडी डोकावायला लागला की हात थांबवायचा. आणि शेवटच्या हातावर स्प्रेच्या डब्यातून काळ्या रंगाचा नुसता धुरळा उडवा, अगदी विरळ. मग लांब फळीने 220 चा कागद फिरवा. उंच जागेवरचा काळा जातो, खोलगट जागेतला राहतो. सपाट वाटणाऱ्या बाजूवर काळ्या डागांची सबंध भूगोलाची वही उमटते. हे डाग भरायचे, पुन्हा घासायचे. पहिल्यांदा पाहताना जीव खट्टू होतो, पण प्रायमरवर जे डाग दिसतात तेच चकचकीत रंगावर दहापट दिसले असते. शेवटचा कागद 320.

हवा आणि वेळ

पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं दव धरतं त्यापेक्षा, किमान 3 अंश गरम हवा. हवा 25 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर दवबिंदू साधारण 21 वर येतो. म्हणजे बोट 24 च्या खाली असेल तर डबा उघडू नका. भर उन्हातही नको, ब्रश ओढायच्या आत रंग आवळतो. संध्याकाळचा हात हमखास दवात सापडतो आणि सकाळी चकाकीच्या जागी धुरकट पांढरेपणा दिसतो. सूर्यास्ताच्या दोन-तीन तास आधी हात आवरा.

रंगाचा हात

वरच्या चकचकीत रंगात एका डब्याचं पॉलियुरेथेन नवशिक्याला सोपं. चूक सहज घासून सुधारता येते, विषारी बाधाही कमी. दोन डब्यांचं जास्त टणक आणि जास्त वर्षं चकाकणारं, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो, आणि वास आला नाही म्हणजे धोका नाही असं अजिबात नाही. हा रंग स्प्रेने मारायचा तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. घरी काम करणाऱ्याने स्प्रेच्या वाटेला जाऊच नये, असं मी स्पष्ट सांगतो. रोलर आणि ब्रशनेही वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क, चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे हवेतच.

गडद रंगाचा मोह आवरा. गडद बोट उन्हात तापते, भरलेल्या जागा आणि काचेची वीण हळूहळू वर उमटते, आणि प्रत्येक उंचसखलपणा आरशासारखा दिसतो. पांढरा आणि फिकट रंग बरंच झाकतो.

आदल्या दिवशी जमीन झाडून घ्या, रंगाच्या आधी तिच्यावर पाणी शिंपडा. बोट द्रावणाने पुसा, मग चिकट फडक्याने धूळ टिपा. रंग गाळून घ्या.

हे काम दोघांचं आहे. एकाच्या हातात घट्ट फोमचा छोटा रोलर, द्रावणाने न विरघळणारा. साधा फोम दोन मिनिटांत फुगतो आणि त्याचे तुकडे रंगात राहतात. दुसऱ्याच्या हातात मऊ केसांचा चांगला ब्रश. रोलरवाला काठापासून खाली दोन फूट रुंदीचा पट्टा पातळ भरतो. ब्रशवाला लगेच मागून, फक्त ब्रशच्या वजनाने, नव्या पट्ट्यातून आधीच्या ओल्या कडेकडे एक-एक ओढ देतो. रोलरचे बुडबुडे फुटतात आणि रंग स्वतः सपाट होतो. मग पुढचा पट्टा, आणि मागे वळून पाहायचं नाही. तीन मिनिटांपूर्वीच्या पट्ट्यात एक माशी बसलेली दिसते आणि हात शिवशिवतो. बसू द्या तिला. अर्धवट आवळलेल्या रंगात ब्रश घातला की जी खरड पडते ती माशीपेक्षा कितीतरी मोठी असते. माशी उद्या घासून निघते.

ब्रश ओढायला जड लागला तर रंगात थोडा थिनर घाला, एका वेळी चमचा दोन चमचे. ओघळ मात्र लगेच दिसत नाहीत, दहा मिनिटांनी उतरतात. म्हणून जाड एक हात मारण्यापेक्षा पातळ तीन मारा. हातांच्या मधे 320 किंवा 400 चा कागद पाण्यासोबत. कडेची चिकटपट्टी बारीक विनाइलची घ्या आणि शेवटचा हात जरा आवळला की लगेच, मागे दुमडून काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर कड फाटते.

डेक आणि तळ

डेकवर पाय घसरू नये म्हणून खरखरीत थर हवा. आधी चकचकीत कडा रंगवा, वाळल्यावर मधल्या भागाला पट्टी लावून कोपरे गोल करा. टोकदार कोपऱ्यातून थर आधी सुटतो. ओल्या रंगावर बारीक दाणे झाऱ्याने पडतील तेवढे दाट शिंपडा, वाळल्यावर सुटे झाडा, वरून दोन हात द्या. वाळूपेक्षा प्लॅस्टिकचे दाणे बरे, गुडघे सोलत नाहीत.

पाण्यातच उभ्या राहणाऱ्या बोटीच्या तळाला वरचा चकचकीत रंग लावू नका. सतत पाण्याखाली त्याला फोड येतात. तिथे इपॉक्सीचे अडसर थर, मिळून साधारण 250 मायक्रॉन जाडीचे, आणि त्यावर शेवाळरोधक रंग. शेवटचा इपॉक्सी थर अजून थोडा चिकट असताना, म्हणजे अंगठा दाबल्यावर ठसा उमटतो पण अंगठ्याला रंग लागत नाही तेव्हा, शेवाळरोधकाचा पहिला हात द्या. अॅल्युमिनियमच्या भागावर तांब्याचा रंग लावू नका, अॅल्युमिनियम कुरतडलं जातं. वहीतली मापं काढून पाण्याची रेषा आखा, आणि शेवाळरोधक तिच्या वर दोन बोटं न्या. बोट सामानासह नेहमी थोडी जास्तच बुडते.

दोन डब्यांचा रंग हाताला सुका वाटला तरी आतून टणक व्हायला आठवडाभर लागतो. तोवर दोर, फेंडर (बोट आपटू नये म्हणून बाजूला लटकवायच्या उशा), ताडपत्री काहीही टेकवू नका. मेण तर नकोच. सामान परत बसवताना सिलिकॉन नको, पॉलियुरेथेन किंवा ब्युटाइलचा सील घ्या. उरलेल्या रंगाचे दोन्ही डबे न मिसळता, घट्ट झाकून ठेवा. धक्क्याला पहिला ओरखडा पडेल तेव्हा ते लागतील, आणि तो पहिल्याच फेरीत पडतो.